मंगळवारी माझं पहिलं मत: न्यू हॅम्पशायरमधल्या जुन्या मंडळींना एक प्रश्न

नॅशुआची_सांगलीकरीण | रविवार, २१ जानेवारी २०२४, रात्री

नमस्कार. मी मूळची सांगलीची, सध्या नॅशुआमध्ये असते. गेल्या शरद ऋतूत नागरिकत्वाची शपथ घेतली आणि लगेच सिटी हॉलमध्ये जाऊन मतदार म्हणून नाव नोंदवलं. पक्षाच्या रकान्यात ‘अनडिक्लेअर्ड’, म्हणजे कुठल्याच पक्षाची नाही, असं लिहिलं. परवा, २३ तारखेला, मी या देशात पहिल्यांदा मत देणार आहे.

गेली काही वर्षं ही प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक, मी काठावरून बघत आले, पण यंदा ती माझी झाली आहे. टपालपेटी उघडली की चकचकीत पत्रकांचा गठ्ठा हातात येतो. डॅनियल वेब्स्टर हायवेच्या कडेला बर्फाच्या ढिगांत पाट्या रोवल्यात, वाऱ्याने पडल्या की कुणीतरी येऊन पुन्हा उभ्या करतं. शनिवारी टेक्सासहून आलेली कॉलेजची दोन मुलं दारात उभी होती, नाकं लाल झालेली. आत बोलावून चहा दिला तर आधी संकोचली आणि मग अर्धा तास बोलत बसली. भारतीय किराणा दुकानात बिलाच्या रांगेत पुढचे दोघं रिपब्लिकन उमेदवार निक्की हेलींवर वाद घालत होते, आणि काउंटरवरची मुलगी मेथीच्या जुड्या तशाच ठेवून त्यात सामील झाली.

मीही या महिन्यात एका शाळेच्या हॉलमध्ये हेलींना ऐकायला गेले होते. घडीच्या खुर्च्या, मागे कॉफीचं टेबल आणि पहिल्या रांगेत सोशल सिक्युरिटीवर (सरकारी पेन्शनवर) लिहून आणलेला प्रश्न घेऊन बसलेले एक आजोबा. राष्ट्राध्यक्षपद मागणारी व्यक्ती इतक्या जवळ उभी राहून त्या आजोबांना उत्तर देते, हे बघून माझ्या अंगावर काटा आला. सांगलीत मी हेलिकॉप्टरची धूळ बघितली आहे, उमेदवाराला प्रश्न विचारलेला कधी बघितला नव्हता.

आमच्या मैत्रिणींच्या गटात मत फक्त मला आहे, बाकी सगळ्या एच-वन-बी नाहीतर ग्रीन कार्डच्या रांगेत. त्या रोज विचारतात, ठरलं का? म्हणजे हे मत एकटीचं आहे असं मला वाटतच नाही.

आज दुपारी रॉन डिसँटिस शर्यतीतून बाहेर पडले. क्रिस ख्रिस्ती आणि विवेक रामस्वामी आधीच गेले. म्हणजे रिपब्लिकन बाजूला ट्रम्प आणि हेली उरले, आणि डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवर बायडेन यांचं नावच नाही. नोव्हेंबरच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मी बहुधा डेमोक्रॅट उमेदवाराला मत देईन. तर मंगळवारी कोणती मतपत्रिका घ्यावी? रिपब्लिकन घेतली तर मी कायमची त्या पक्षाची होते का? आणि दुसऱ्यांच्या घरात जाऊन निर्णय घेण्यासारखं होतं का हे? कृपया मनापासून सांगा.

---

मँचेस्टरचा_काका | रविवार, रात्री उशिरा

ताई, अभिनंदन. मी नव्वदच्या दशकापासून मँचेस्टरमध्ये आहे आणि निवडणुकीच्या दिवशी आमच्या वॉर्डात टेबलावर काम करतो. आधी कामाचं सांगतो.

तुम्ही अनडिक्लेअर्ड आहात, म्हणून टेबलावर गेल्यावर ‘रिपब्लिकन’ किंवा ‘डेमोक्रॅटिक’ असं सांगून एक मतपत्रिका मागायची. ती हातात घेतली की त्या क्षणी तुम्ही त्या पक्षाच्या. मत देऊन झालं की चेकलिस्टच्या (मतदारयादीच्या) टेबलावर एक कार्ड भरायचं, पुन्हा अनडिक्लेअर्ड. दोन मिनिटं लागतात. कार्ड न भरता बाहेर पडलात तर मात्र नाव त्याच पक्षात राहतं. दरवेळी कितीतरी लोक तसेच गाडीत जाऊन बसतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

नॅशुआत सकाळी ६ ते रात्री ८. फोटो असलेलं ओळखपत्र न्या. कोटावर कुठल्याही उमेदवाराचा बिल्ला, टोपी, मफलर असेल तर बाहेरच काढा, आत चालत नाही. डिसँटिस, ख्रिस्ती, रामस्वामी यांची नावं छापलेली आहेत, ती तशीच दिसतील. रिपब्लिकन मतपत्रिकेवर २४ नावं आहेत, डेमोक्रॅटिकवर २१. इथे अर्ज भरायला हजार डॉलर पुरतात, म्हणून यादी एवढी लांब. घाबरू नका, सावकाश वाचा.

आता तुमचा खरा प्रश्न. राज्यातले सुमारे चाळीस टक्के मतदार अनडिक्लेअर्ड आहेत, दोन्ही पक्षांपेक्षा जास्त. कायद्याने त्यांना हे दार उघडं ठेवलंय. उघड्या दारातून आत जाणं म्हणजे घुसखोरी नाही. २००० साली रिपब्लिकन प्रायमरीत मॅकेन यांनी बुश यांना इथे अठरा टक्क्यांनी हरवलं, त्यात अनडिक्लेअर्ड लोकांचा मोठा वाटा होता. मॅकेन गावोगाव फिरले होते, प्रश्न संपेपर्यंत हॉल सोडत नसत. मी स्वतः त्यांना दोनदा ऐकलं, आणि माणूस असा जवळून बघून मत द्यायची ताकद तेव्हा मला कळली.

२००८ सालचंही सांगतो. डेमोक्रॅटिक बाजूला ओबामा आयोवा जिंकून आले होते. सगळ्या जनमत चाचण्या त्यांच्या बाजूने, आमच्या ऑफिसात निकाल गृहीत धरून बोलणं चालू होतं. ८ जानेवारीला हिलरी क्लिंटन तीन टक्क्यांपेक्षा कमी फरकाने जिंकल्या. त्या रात्री मतमोजणीला थांबलेले आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो होतो. त्यामुळे आत्ता टीव्हीवर कुणी ‘संपलं’ म्हणत असेल तर ऐकू नका.

माझं मत विचाराल तर जिथे लढत आहे ती मतपत्रिका घ्या. नोव्हेंबरमध्ये दोनपैकी कुणीही जिंकू शकतो. म्हणून दोन्ही बाजूंनी चांगला माणूस उभा राहावा, ही प्रत्येक नागरिकाची गरज आहे.

---

कॉनकॉर्ड_मीना | सोमवार, २२ जानेवारी, दुपारी

सर्वांत आधी एक सावधगिरी. काल संध्याकाळी आमच्या शेजारणीला फोन आला. हुबेहूब बायडेन यांचा आवाज, आणि सांगणं काय, तर मंगळवारी मत देऊ नका, नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. आज राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने जाहीर केलंय की तो आवाज कृत्रिमरीत्या तयार केलेला दिसतो, त्याकडे दुर्लक्ष करा. मत ‘राखून’ ठेवण्यासारखं काही नसतं. उद्या दिलं म्हणून नोव्हेंबरचं कमी होत नाही. तुमच्या ओळखीतल्या वयस्क मंडळींना आजच फोन करून हे सांगा. माझी शेजारीण ऐंशीच्या पुढची आहे, एकही प्रायमरी चुकवलेली नाही, आणि तिला तो फोन खरा वाटला होता. मला फार राग आला.

काका, तुमचा आदर ठेवून सांगते, मला तुमचं पटत नाही. ज्या पक्षाला नोव्हेंबरमध्ये मत द्यायचं त्याचाच उमेदवार आपण निवडावा. बायडेन यांचं नाव नाही कारण डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीने यंदा साउथ कॅरोलायनाला, ३ फेब्रुवारीला, पहिला मान दिला. आपल्या राज्याचा कायदा म्हणतो की पहिली प्रायमरी आमचीच. राज्य हटलं नाही, बायडेन यांनी अर्ज भरला नाही. पण शेवटी मोकळी ओळ आहे. तिथला गोल काळा करायचा आणि नाव हाताने लिहायचं.

‘लिहून काय होतं’ म्हणणाऱ्यांसाठी: १९६४ मध्ये हेन्री कॅबट लॉज व्हिएतनाममध्ये, सायगावला, राजदूत होते, प्रचाराला आलेसुद्धा नाहीत, आणि लोकांनी नाव लिहून त्यांना इथे जिंकवलं. १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचंही नाव मतपत्रिकेवर नव्हतं. लिहिलेल्या मतांवर ते जिंकले, पण त्यांच्याच पक्षातले विरोधक यूजीन मॅकार्थी यांना ४२ टक्के मिळाले आणि तो महिना संपायच्या आत जॉन्सन शर्यतीतून बाजूला झाले. म्हणजे इथे नुसतं जिंकणं पुरत नाही, किती टक्क्यांनी जिंकलात हे सगळा देश बघतो. म्हणूनच माझी मैत्रिणींची टोळी उद्या थंडीत ‘बायडेन लिहा’ अशी पाटी घेऊन उभी राहणार आहे. ताई, सवड असेल तर या. मी सगळ्यांसाठी तिळगूळ आणणार आहे, संक्रांतीचा उरलाय.

---

आयोवाचा_विद्यार्थी | सोमवार, संध्याकाळी

मी आयोवातल्या एम्स गावी शिकतो, मतदार नाही. गेल्या सोमवारी, १५ तारखेला, नुसतं बघायला म्हणून एका रिपब्लिकन कॉकसला, म्हणजे इकडच्या उमेदवार ठरवायच्या सभेला, गेलो. बाहेर डोळ्यांच्या पापण्या गोठत होत्या. संध्याकाळी ७ ला सगळ्यांनी एकत्र जमायचं, प्रत्येक उमेदवाराच्या वतीने कुणीतरी ओळखीचाच शेतकरी, शिक्षक उठून बोलणार, मग कागदाच्या चिठ्ठीवर नाव. तुम्हाला दिवसभरात केव्हाही जाता येतं, रात्रपाळीची नर्ससुद्धा मत देऊ शकते. आमच्याकडे ती सोय नाही. तुमची पद्धत मला जास्त न्याय्य वाटते.

---

तासगाव_गाववाला | मंगळवार, २३ जानेवारी (भारतीय वेळ), सकाळी

ताई, सांगलीचं नाव वाचून लिहितोय. मी तीस वर्षं एका पक्षाचं बूथवरचं काम केलं. आमच्याकडे उमेदवार कोण हे आम्हाला कधीच विचारत नाहीत. एबी फॉर्म शेवटच्या रात्री येतो, कधी सकाळी. कुणाच्या नावाचा येतो ते बघून आम्ही पताका बांधायच्या. एकदा काल पक्षात आलेल्या माणसाचा फॉर्म आला आणि सतरंज्या उचलणारी पोरं रडली, ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. तुमच्याकडे साधा मतदार ठरवतो हे वाचून हेवा वाटला. पण एक विचारतो. पक्षाचा नसलेला माणूसही ठरवणार, तर वर्षानुवर्षं राबणाऱ्या कार्यकर्त्याचं काय?

---

मँचेस्टरचा_काका | सोमवार, रात्री

दादा, हा प्रश्न इथेही लोक तळमळीने विचारतात. अनेक राज्यांत फक्त नोंदवलेल्या पक्षसदस्यांनाच प्रायमरीत मत देता येतं. आमच्याकडे कार्यकर्त्याचं वजन वेगळ्या जागी आहे. उमेदवार आला की आधी त्याच्याच घरी जातो, त्याच्या दिवाणखान्यात वीस शेजाऱ्यांसमोर बोलतो. ज्याला गाव मानतं असा कार्यकर्ता ज्याच्या बाजूने उभा राहतो, त्याला मतं मिळतात. फॉर्म मात्र त्याच्या हातात नसतो, आणि कुणाच्याच नसतो.

मीनाताई, फोनचं आमच्या वॉर्डातल्या सगळ्यांना कळवलं. आभार. आता झोपतो, पहाटे चारला उठायचंय. आपल्या राज्यातल्या डिक्सव्हिल नॉच या चिमुकल्या वस्तीतले लोक मात्र मध्यरात्रीच मत देऊन मोकळे होतील. १९६० पासूनची त्यांची रीत.

---

नॅशुआची_सांगलीकरीण | मंगळवार, २३ जानेवारी, दुपारी

देऊन आले. सगळ्यांचे मनापासून आभार.

लेकीला शाळेत सोडायच्या आधी बरोबर नेलं. ती चौथीत आहे. यंदाच्या ‘मी मत दिलं’ स्टिकरसाठी राज्याने चौथीच्या मुलांचीच चित्रं मागवली होती, त्यामुळे तिला माझ्या मतापेक्षा स्टिकर कोणतं मिळतं याची घाई होती. शाळेच्या जिममध्ये रांग होती, पण भराभर सरकत होती. बाहेर दोन्हीकडचे लोक पाट्या घेऊन उभे होते आणि एकमेकांना थर्मासमधली कॉफी देत होते.

मी रिपब्लिकन मतपत्रिका घेतली. नाव इथे लिहीत नाही. मीनाताई, तुमचं म्हणणं मी रात्रभर मनात घोळवलं. पण माझ्या ज्या मैत्रिणींना मत नाही त्यांचं आयुष्य दोन्ही पक्षांच्या हातात आहे. जिथे अजून काही बदलू शकतं तिथे बोलावं असं मला वाटलं. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मात्र तुमच्या पाटीपाशी येणार आहे, तुमची माणसं तासन्‌तास थंडीत उभी आहेत, काहीतरी गरम घेऊन येते.

तासगावच्या दादांना: तुमचा प्रश्न बाबांना फोनवर वाचून दाखवला, त्यांनी तुमचं गाव आणि वाडी विचारलीय.

आणि ज्यांनी मला निरोपात विचारलंय त्यांच्यासाठी: कार्डाचं टेबल आमच्या वॉर्डात बाहेर पडायच्या दाराजवळ डाव्या हाताला आहे. पाटी लहान आहे, गर्दीत दिसत नाही, सरळ विचारा. सही केली, पुन्हा अनडिक्लेअर्ड. रात्री ८ पर्यंत वेळ आहे.