एका टॅबमध्ये दोन ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम): घ्यावा का?
‘एकाच पैशात विंडोज आणि अँड्रॉइड दोन्ही मिळतंय, मग हरकत काय?’ असं तुम्ही विचारलंय. हरकत आहे ती ६४ जीबी जागेत!

माझ्याकडे असा एक टॅब होता. इंटेलचा कमी ताकदीचा अ‍ॅटम प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. एका खोलीत दोन बिऱ्हाडं, मध्ये पडदा. विंडोजच्या वाट्याला आलेली जागा अपडेट्सनीच भरायची, आणि एका बिऱ्हाडाचं सामान दुसऱ्याला दिसायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एक्सेल फाइल अँड्रॉइडमध्ये. ती विंडोजमध्ये हवी तर आधी एसडी कार्डावर टाका, मग रीस्टार्ट करा, मग चहा ठेवा. शेवटी फाइल स्वतःलाच मेल करू लागलो. कपाळ!

रीस्टार्टशिवाय ओएस बदलायची सोय असुसने जानेवारी २०१४मध्ये दाखवली होती, ट्रान्सफॉर्मर बुक ड्युएटमध्ये. बटण दाबा, चार सेकंदांत ओएस बदला, असा दावा. ते मॉडेल बाजारात आलंच नाही. त्याआधी २०१३मध्ये सॅमसंगने दाखवलेल्या एटिव्ह क्यूचंही तेच झालं.

एक मान्य करतो, रात्री लोळत पुस्तक वाचायला अँड्रॉइड झकास होतं आणि प्रिंटर जोडायला विंडोज.

जुना स्वस्तात मिळत असेल तर आधी प्रोसेसर बघा. विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला आणि अशा टॅबमधल्या जुन्या अ‍ॅटमवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे दोनातलं एक बिऱ्हाड आधीच हललंय. भाव करताना ते धरा.