सर्व्हरमधून बाहेर जाणारी ही कनेक्शन्स कसली?

औषधफवारणी: नमस्कार मंडळी. आमच्या शेती औषधांच्या दुकानाचं बिलिंग क्लाउडवरच्या उबुंटू सर्व्हरवर चालतं. कालपासून एकेक बिल निघता निघत नाही. 'टॉप' लावून बघितलं तर केडेवटीएमपीएफएसआय नावाची प्रोसेस सगळा सीपीयू खाऊन बसलीय. शोधल्यावर कळलं की हा लिनक्स कर्नलचाच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचाच, थ्रेड असतो. पण 'एसएस'ने काढलेल्या कनेक्शन्सच्या यादीत एक कनेक्शन १६९.२५४.१६९.२५४ ला, एक कुठल्याशा परदेशी आयपीच्या ३३३३ पोर्टला, आणि ६३७९ पोर्टकडे जाणाऱ्या ओळी तर संपतच नाहीत, सगळ्यांपुढे सिन-सेंट. तो १६९ वाला पत्ता बघून पोटात गोळाच आला.

झटपट_उपाय: ३३३३ ब्लॉक करा, रीबूट मारा, विषय संपला.

रात्रपाळी: राव, रीबूट एवढ्यात नको. आहे तो पुरावा जाईल.

तुम्ही घाबरलात तो पत्ता एरवी साधा आहे. क्लाउडचा सर्व्हर स्वतःची माहिती तिथून घेतो. फक्त ते कनेक्शन कुठल्या प्रोसेसचं आहे ते बघा, कारण आत शिरलेला चोरही क्लाउड खात्याच्या किल्ल्या, म्हणजे गुप्त कोड, तिथूनच उचलतो.

कर्नलचा खरा थ्रेड केडेवटीएमपीएफएस, शेवटचा 'आय' त्यात नाही. 'पीएस'च्या प्रोसेस यादीत तो चौकोनी कंसात दिसतो आणि सीपीयू जवळपास घेतच नाही. तुमच्याकडचा हा मायनर, म्हणजे तुमचा सीपीयू वापरून मोनेरो हे आभासी चलन खोदणारा प्रोग्राम. किनसिंग नावाचा मालवेअर तो आणून बसवतो. ३३३३ हे मायनिंग पूलचं, म्हणजे अनेक मायनर एकत्र जोडणाऱ्या सर्व्हरचं, नेहमीचं पोर्ट.

खरी चिंता ६३७९ ची. सिन-सेंट म्हणजे तुमच्याकडून हाक गेलीय, पलीकडून उत्तर नाही. एखादीच ओळ असती तर समोरचा सर्व्हर बंद असेल म्हणून सोडून दिलं असतं. इतक्या वेगवेगळ्या आयपींवर एकच पोर्ट म्हणजे स्कॅनिंग. ते पोर्ट रेडिस या डेटाबेसचं, म्हणजे तुमचा सर्व्हर आता दुसऱ्यांचे उघडे रेडिस हुडकत फिरतोय. प्रोसेस कुठल्या युजरची आहे? आणि प्रॉक फोल्डरमध्ये तिच्या पीआयडीखालची (प्रोसेसच्या नंबरखालची) 'एक्झी' लिंक कुठे जातेय?

औषधफवारणी: युजर रेडिस! लिंक टेम्पमधल्या फाइलकडे जाते, पुढे 'डिलीटेड' लिहिलंय. म्हणजे गेली ना फाइल?

रात्रपाळी: नाही. प्रोसेस जिवंत आहे तोवर त्याच लिंकवरून कॉपी निघते, ती आधी काढा. मग क्लाउडच्या फायरवॉलमधून बाहेरची वाट बंद करा, फक्त तुमचं एसएसएच, म्हणजे लांबून लॉगिन करायची वाट, चालू ठेवा. आणि रेडिस युजरचा क्रॉनटॅब, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी, बघा.

औषधफवारणी: दर मिनिटाला कुठूनतरी स्क्रिप्ट ओढून चालवणारी ओळ आहे. फायरवॉलमध्ये ६३७९ सगळ्या जगाला उघडं, रेडिसला पासवर्ड नाही. सेटअप करून देणारा आता फोन उचलत नाहीये.

रात्रपाळी: मग रीबूटने काय झालं असतं बघा, मिनिटभरात मायनर परत हजर. बिलांचा डेटा तेवढा काढून घ्या, प्रोग्राम आणि स्क्रिप्ट्स नकोत. सर्व्हर नवा उभा करा, रेडिस लोकलहोस्टवरच, म्हणजे फक्त त्याच सर्व्हरच्या आतलं, ऐकू द्या. डेटाबेसचे पासवर्ड, एसएसएच की, क्लाउडच्या किल्ल्या, सगळं बदला. जुन्याला साफ करत बसू नका.