संस्थेतल्या ज्ञानाला वर्गीकरण हवं, की चांगला सर्च पुरे?

दप्तरदार

सामायिक ड्राइव्हवर ‘अंतिम’, ‘अंतिम २’ आणि ‘अंतिम नक्की’ अशा तीन फायली एकाखाली एक दिसायला लागल्या की कुणीतरी म्हणतंच, आता नीट वर्गीकरण करू. मग बैठका झडतात आणि विभागवार फोल्डरांचं सहा-सात पातळ्यांचं झाड उभं राहतं. ते टिकत नाही, कारण विभाग हा कागदाचा गुण नव्हेच. फेररचनेत देखभाल विभाग दुसऱ्या साहेबांकडे गेला तरी पंप कसा तपासायचा ती पद्धत तीच राहते. फोल्डर मात्र भलत्याच नावाखाली अडकून पडतो.

म्हणून माझं मत: झाड नको, पैलू हवेत. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात हेच केलं. प्रत्येक विषयासाठी तयार खण न ठेवता त्याचे पैलू सुटे केले आणि जोडून क्रमांक बनवला. कार्यालयाला चार पुरतात: कागदाचा प्रकार, विषय, उपकरण किंवा सेवा, आणि अवस्था (मसुदा, लागू, रद्द). प्रत्येकात दहा संज्ञा धरल्या तर सांभाळायच्या ४० आणि जुळण्या १०,०००.

संज्ञा बैठकीत सुचू देऊ नयेत. सर्चच्या नोंदींतले सर्वांत जास्त वेळा आलेले २०० शोध आणि शून्य निकाल आलेले सगळे शोध काढा. जोडीला ३०० कागदांचा नमुना घ्या, तोही सगळ्या विभागांतून. १५ जणांकडून कार्ड सॉर्टिंग करून घ्या, म्हणजे संज्ञांच्या चिठ्ठ्या देऊन त्यांना पटतील तसे गट लावायला सांगा. मग उलट बाजूने तपासा: नुसती संज्ञांची यादी दाखवून विचारा, “मुदत संपलेला देखभाल करार कुठे शोधाल?” अशी आठ-दहा कामं पुरतात. लोक जिथे चुकतात तिथे बहुधा संज्ञेचं नावच चुकलेलं असतं.

शोधलं_की_सापडतं

कागदावर सुरेख. पण टॅग लावणार कोण? अहवाल चढवताना माणसाला घरी जायची घाई असते. चार रकाने सक्तीचे केलेत तर यादीतला पहिला पर्याय निवडला जाणार. महिन्याभरात निम्मे कागद वर्णक्रमात पहिल्या आलेल्या विषयाचे ठरतात. चुकीचा टॅग हा टॅग नसण्यापेक्षा वाईट, कारण गाळणी (फिल्टर) लावली की योग्य कागद दिसेनासाच होतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ‘मेश’ ही संज्ञासूची १९६० पासून आहे. तिथे लेखांना संज्ञा लावायला प्रशिक्षित माणसं होती. त्यांनीसुद्धा २०२२ मध्ये ते काम संगणकाकडे सोपवलं. जिथे हा पगारी व्यवसाय होता तिथे ही गत, मग बाकीच्यांकडून फुकटात काय अपेक्षा करता? आजचा सर्च अर्थावरून शोधतो. ‘रजा’ टाइप केलं तरी ‘सुट्टी’ लिहिलेला कागद आणतो. ती मेहनत मजकूर स्वच्छ करण्यात घाला: स्कॅन केलेल्या पानांचं अक्षरवाचन, दुबार फायली काढणं, आणि फाइलच्या आत धड शीर्षक.

व्याप्तीटीप

शोधलं_की_सापडतं, ‘मेश’चं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. संगणकाकडे गेलं ते संज्ञा *लावण्याचं* काम. संज्ञासूची माणसंच सांभाळतात आणि ती दरवर्षी सुधारली जाते. टॅग लावणं आणि शब्दसंग्रह सांभाळणं ही दोन कामं आहेत, आणि धाग्यात ती सरमिसळ झाली आहेत.

शब्दांचा गोंधळ मोजलेलाही आहे. फर्नस आणि सहकाऱ्यांच्या १९८७ च्या अभ्यासात दोन माणसं एकाच गोष्टीला आपणहून तोच शब्द वापरतील याची शक्यता २० टक्क्यांहून कमी निघाली. अर्थावरून शोधणारा सर्च ‘रजा–सुट्टी’ सांभाळतो, मान्य. पण आतले शब्द? उपकरणाचा जुना सांकेतिक क्रमांक, प्रकल्पाचं टोपणनाव, तीन अक्षरी संक्षेप ज्याचा हिशेब विभागात एक अर्थ आणि प्रयोगशाळेत दुसरा, हे सर्चमागच्या कुठल्याच भाषा-प्रतिमानाला (मॉडेलला) आपोआप कळत नाही.

त्यासाठी स्कॉस वापरा. संज्ञासूची कशी मांडायची याचं ते डब्ल्यूथ्रीसीचं, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, २००९ चं मानक आहे आणि साध्या तक्त्यातही पाळता येतं. प्रत्येक संकल्पनेला न बदलणारा क्रमांक, प्रत्येक भाषेत एकच पसंतीचं नाव, पर्यायी नावं हवी तेवढी, आणि चुकीचं स्पेलिंग छुप्या नावांत, म्हणजे शोधाला सापडतं पण यादीत दिसत नाही. कागदाला शब्द नव्हे, क्रमांक चिकटवा. नाव बदललं तर एका ओळीत बदल होतो. शब्दच चिकटवला असेल तर हजारो कागद पुन्हा उघडावे लागतात.

दप्तरदार, तुमच्या चार पैलूंपैकी ‘अवस्था’ सर्वांत मोलाची, आणि तीच लोक विसरतात. रद्द झालेली कार्यपद्धती आणि लागू असलेली यांचा मजकूर बराचसा सारखा असतो. अर्थावरून शोधणाऱ्याला दोन्ही सारख्याच जवळच्या. त्यावर उत्तर लिहिणारा चॅटबॉट बसवलात तर तो जुना दाब, जुनी मुदत बिनदिक्कत सांगतो.

कुलूपकिल्ली

तुम्ही तिघेही पहिल्या दिवसाबद्दल बोलताय. वर्गीकरण मरतं ते दुसऱ्या वर्षी. ‘इतर’ नावाचा खण फुगत जातो (दहातला एक कागद तिथे जायला लागला की मी धोका समजतो), नव्या संज्ञा कुणीही घालतं, आणि ‘कर्मचारी प्रशिक्षण’, ‘प्रशिक्षण’, ‘प्रशिक्षण – कर्मचारी’ शेजारी नांदतात. मालक नेमा. समिती नको, एक माणूस, आठवड्याला दोन-तीन तास. नवी संज्ञा हवी असेल तर मागणाऱ्याने ती लागू होणारे किमान पाच कागद दाखवावेत. संज्ञा पुसू नका. बाद असा शेरा मारून नवीकडे वळवा, नाहीतर जुन्या कागदांचे टॅग अनाथ होतात.

दुसरं, ‘वरची–खालची’ संज्ञा ठरवताना आयएसओ २५९६४ या संज्ञासूचींच्या आंतरराष्ट्रीय मानकातली ‘सगळे–काही’ कसोटी लावा. काही पंप केंद्रापसारक असतात आणि केंद्रापसारक पंप सगळे पंपच असतात: बसलं. ‘पंप दुरुस्ती’ हा पंपाचा प्रकार नव्हे. ती शेजारची, संबंधित संज्ञा. एवढं पाळलं तरी निम्मी झाडं बुटकी होतात.

आणि एकच शब्द सगळ्यांवर लादू नका. विक्रीवाल्यांचा ‘ग्राहक’ म्हणजे चौकशी करणाराही, हिशेबवाल्यांचा ‘ग्राहक’ म्हणजे बिल गेलेलाच. या दोन संकल्पना आहेत, दोन क्रमांक द्या आणि प्रत्येकीखाली दोन ओळींची व्याप्ती-टीप, म्हणजे त्या संज्ञेत काय येतं आणि काय नाही, ते लिहा. एकीकरणाच्या हट्टापायी इथे भांडणं होतात, आणि त्यात चूक हट्ट करणाऱ्याची असते.

शोधलं_की_सापडतं

‘अवस्था’ आणि क्रमांक, दोन्ही मान्य. पण अवस्था माणसाने भरायचीच नाही. मंजुरीच्या प्रक्रियेतूनच ती बदलली पाहिजे: नवी आवृत्ती मंजूर झाली की जुनी आपोआप रद्द. कागदाचा प्रकार साच्यावरून ठरेल. वादाचा उरतो तो ‘विषय’, आणि तो मला अजूनही पटत नाही. दोन जाणकारांना तेच ५० कागद स्वतंत्रपणे द्या आणि विषय लावायला सांगा. किती जुळतात ते पाहा, मग बोलू.

व्याप्तीटीप

चाचणी चांगली आहे, पण जुळलं नाही तर दोष पैलूचाच असं नाही. बहुतेकदा दोन संज्ञांच्या सीमा लिहिलेल्या नसतात. व्याप्ती-टिपा लिहून हीच चाचणी नव्या ५० कागदांवर पुन्हा घ्या. त्यानंतरही जे कागद जुळत नाहीत ते बहुधा खरोखर दोन विषयांचे असतात, त्यांना दोन्ही टॅग द्यावेत. पैलूंत ती मुभा आहे, फोल्डरात नव्हती.

दप्तरदार

मग विषयाचा निकाल असा लावू. ५० खरे शोध घ्यायचे, प्रत्येकाचा योग्य कागद त्या कामाच्या माणसाकडून ठरवून घ्यायचा. तीन मांडण्या: पहिलीत नुसता सर्च, दुसरीत सर्चच्या जोडीला पर्यायी नावं आणि अवस्थेची गाळणी, आणि तिसरीत त्यावर विषयाचे टॅग. योग्य कागद पहिल्या पाचांत किती वेळा येतो ते मोजायचं. ज्या शोधांवरून पर्यायी नावं गोळा केली ते या ५० मध्ये घ्यायचे नाहीत, नाहीतर दुसऱ्या मांडणीला प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली असते.

तिसरी मांडणी दुसरीपेक्षा दोन-तीन शोधांनीच पुढे गेली तर विषयाचे टॅग हाताने लावण्याचा आग्रह मी सोडतो. संज्ञासूची मात्र ठेवणार.

कुलूपकिल्ली

एक भर. ‘गोपनीय’ हा टॅग विषयात घालू नका, कुणी मागितला तरी. परवानग्या वेगळ्या यंत्रणेत असतात आणि टॅगने कुलूप लागत नाही. पण लोकांना वाटतं की लागलं, आणि पगाराचा तक्ता सगळ्यांच्या सर्चमध्ये येतो. चाचणीत एक शोध त्याचाही ठेवा, साध्या कर्मचाऱ्याच्या लॉगिनवरून.