प्रतिसाद : चर्चेची वेळ कोणाच्या सोयीची?

विद्यार्थ्यांनाच रस नसल्यामुळे महाविद्यालयात मोकळी चर्चा रुजत नाही, हे मत मला अर्धेच पटते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावरून तासभर वाद घालणाऱ्या कोल्हापूरकरांना बोलण्याचा कंटाळा आहे, असे कोण म्हणेल? अडचण वेळेची आहे. कागल, पन्हाळा, गडहिंग्लज येथून एसटीने येणारी मुले शेवटचा तास संपताच बसस्थानक गाठतात, त्यामुळे सायंकाळी चारनंतर ठेवलेल्या चर्चेत शहरातलेच तेच ते चेहरे उरतात आणि त्यांचे मत पुढे सर्वांचे मत म्हणून नोंदले जाते. शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने येथे १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली, ती खेड्यातल्या मुलाला शहरात शिकण्यासाठी राहण्याची सोय नव्हती म्हणूनच. आज प्रश्न वेळेचा आहे, एवढाच फरक.

आमच्या वाचनगटाने बैठक दुपारच्या सुट्टीत आणली, तेव्हा उपस्थिती वाढली. मात्र प्राध्यापकांनी शेवटी बोलावे, हा नियम करावाच लागला. ते आधी बोलले की बाकीचे नुसते माना डोलावतात. बैठकीत आलेल्या सूचनांचे पुढे काय झाले, हे आम्ही पुढच्या बैठकीच्या आरंभीच वाचून दाखवतो, नाकारलेल्या सूचनांच्या कारणांसह.