देवरहाटीतली गारंबी तोडणार आहेत, वाचवायची कशी? (मदत हवी आहे)

रहाटीकर
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार निघालाय. सभामंडप मागच्या अंगाला वाढवायचा घाट आहे आणि नेमकी तिथेच, देवरहाटीत (देवाच्या नावाने राखलेल्या राईत), गारंबीची वेल आहे. येत्या रविवारी गावाची बैठक, तिथे तोडायचं ठरलं की संपलंच. पंचक्रोशीत दुसरी गारंबी माझ्या पाहण्यात नाही. मुळासकट उचलून दुसरीकडे लावता येईल का? जेसीबी मिळेल. दुसरं म्हणजे बिया लावल्यात, पण रुजत नाहीत. काय करू? कृपया लवकर सांगा.

कातळसडा
तालुका कुठला? जमीन कोणाच्या नावावर? वेल केवढी? बिया कशा लावल्या? यातलं काहीच लिहिलेलं नाही, उत्तर कशाच्या जोरावर देणार?

अबोली_७
गारंबीच्या बिया जास्तीच्या असतील तर मला हव्यात. आमच्याकडे आजी सहाणेवर उगाळून सुजेवर लेप लावायची. हल्ली काष्ठौषधीच्या दुकानातही धड मिळत नाहीत.

रहाटीकर
अहो, बिया लावायलाच पुरत नाहीत, लेपाचं कुठे काढता! राजापूर तालुका. वेल जुनी आहे. बिया कुंडीत लावल्या, रोज पाणी घालतो.

कातळसडा
जुनी म्हणजे किती जाड? मनगटाएवढी की मांडीएवढी? आणि जमिनीचं राहिलंच.

रहाटीकर
बुंधा मांडीपेक्षा जाड. जमिनीवर अजगरासारखा वेटोळं घालून पडलाय, तिथून किंजळीच्या झाडावर चढलाय आणि वरच्या वर पलीकडच्या आंब्यावर गेलाय. हातभर लांबीच्या शेंगा आहेत. एका शेंगेतले बियांचे चौकोन एकेक करून गळून गेलेत, नुसती कड चौकटीसारखी लोंबतेय. सातबारा बघायला तलाठ्याकडे जावं लागेल.

गावडेकाका
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गारंबी झाडाला खाते. आमच्या बागेत एक वेल हापूसवर चढली, दोन पावसाळ्यांत झाड गेलं. देवाचं काम अडवून वेल कसली राखता?

रोपवाटिका_दापोली
काका, तुमच्या हापूसवर बांडगूळ होतं की गारंबी? बांडगूळ फांदीत मुळं घुसवून रस ओढतं. गारंबी तसलं काही करत नाही. तिच्या पानाच्या टोकाला ताणा असतो, त्याने ती नुसती धरून चढते. अन्नपाणी तिचं तिच्या मुळांचं. भार पडतो, ऊन अडतं, हे मान्य. म्हणून कलमांच्या बागेत ती नको. पण रहाटीतल्या जुन्या किंजळीला तिचा भार जड नाही.

रहाटीकर, एवढा बुंधा उचलायचा विचार सोडा. मुळं तुटतील, वरचा सगळा विस्तार छाटावा लागेल, आणि जेसीबी आत नेला तर आजूबाजूची झाडंही जातील. वेल आहे तिथेच राखायची.

बियांचं सांगतो. कवच दगडासारखं टणक असतं, रोज पाणी घालून काही होत नाही. कडेला कानशीने घासा, आतला पांढरा भाग जेमतेम दिसला की थांबा. मग पाण्यात टाका. फुगली की लावा, नाही फुगली तर आणखी थोडं घासा. कुंडी नको, खोल पिशवी घ्या. कोंब निघाला की सरळ वर धावतो, लगेच काठी द्या. लागवड पावसाच्या सुरुवातीला, वहाळाच्या (ओढ्याच्या) काठी, मोठ्या झाडाच्या जवळ.

गावडेकाका
गारंबीच होती. मी आज पहिल्यांदा नाही बघत गारंबी. हापूस गेला तो गेलाच.

सह्यभटक्या
गारंबी पाहायची तर फणसाडला जा! रायगडात, मुरुड-रोह्याकडे. जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान, 1986 साली अभयारण्य झालं. एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या गारंबीवरून शेकरू ये-जा करताना मी पाहिलाय. जायचं असेल तर राहण्याची माहिती देतो. तिथल्या वाटा...

कातळसडा
भटक्या, सहलीचा धागा वेगळा काढा. पण शेकरूचं बरोबर. वेल तोडली की वरचा रस्ता तुटतो, हे बैठकीत जरूर सांगा. एक मात्र करा, 'जगातली शेवटची वेल' असलं काही बोलू नका. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत गारंबी आहे, तिच्या बिया समुद्रातून तरंगत जातात. आपल्याकडे रहाट्या तुटल्या, काजू लागला, बिया गोळा करून विकल्या गेल्या, म्हणून ती गावागावातून जातेय. एवढं खरं पुरेसं आहे.

कुडाळचो_झील
आमच्या राईत पण गारंबी होती. रस्तो रुंद केल्यानी नि गेली. तेव्हा कोणीच काय बोलाक नाय. तुम्ही बोला.

कोर्टकचेरी
कायदा बघा. महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम, 1964. त्याच्या यादीत वेल नाही, पण आंबा आणि किंजळ दोन्ही आहेत. वेल ज्या झाडांवर आहे ती विनापरवानगी तोडता येत नाहीत. शिवाय जैवविविधता कायदा, 2002 प्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत गारंबी आहे का बघा. नसेल तर रविवारच्या आत फोटोसकट नोंद करून घ्या. सरळ लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

गुरवांची_सून
अर्ज-बिर्ज नंतर. रहाटीतली काडी देवाला कौल लावून विचारल्याशिवाय उचलत नाहीत ही कोकणची रीत आहे. मंडपासाठी कौल लावला का? मानकऱ्यांना एवढंच विचारा. गाव वहीला भिईल न भिईल, देवाला भितं.

कोर्टकचेरी
आणि कौल तोडायच्या बाजूने आला तर? मग वेल गेली म्हणून गप्प बसणार? नोंद हवीच.

गुरवांची_सून
आमच्या सासऱ्यांच्या देखत राय तोडायला कौल मिळालेला नाही. तुम्ही पोच घेत बसा.

रोपवाटिका_दापोली
दोन्ही करा, भांडता कशाला. रहाटीकर, मंडपाचा नकाशा पाहिलात का? बुंधा मंडपाच्या आत येतो की नुसता जवळ?

रहाटीकर
आजच पाहिला. बुंधा मंडपाच्या बाहेर आहे, मागची भिंत त्याला लागून येतेय. किंजळ मात्र आत सापडते. सातबाऱ्यावर देवस्थानचं नाव आहे. कौल मंडप बांधायचा लावला होता, झाडं तोडायचा नाही, हे गुरवांकडून कळलं.

कातळसडा
मग वेलीपेक्षा किंजळीचं बोला. ती गेली तर गारंबी जमिनीवर येईल आणि मग साफसफाईत तोडतील. मागची भिंत पुढे घ्या म्हणावं, किंवा मंडप डाव्या-उजव्या अंगाला वाढवा.

रहाटीकर
डाव्या अंगाला पालखी फिरते, उजवीकडे जागा आहे. मुंबईकर मंडळाचे अध्यक्ष आज रात्री फोनवर मिळतील, त्यांच्याशी उजव्या अंगाचं बोलतो. सरपंचांना नोंदीचा अर्ज उद्या सकाळी. बियांना कानस लावलीय, पाण्यात आहेत. एक बी आत्ताच फुगायला लागलीय.

अबोली_७
रुजल्या तर एक रोप मला द्या. लेपासाठी नको, परसातल्या वहाळाशी लावीन. तिथे मोठं जांभळाचं झाड आहे.