टक्के कशाचे?
'या गोळीने हार्ट अटॅकचा धोका ३० टक्क्यांनी कमी होतो, मग घ्यायला काय हरकत?' असं एखाद्या औषधाबद्दल अनेकदा विचारलं जातं. हरकत नाही, पण ३० टक्के कशाचे? समजा, येत्या दहा वर्षांत अटॅक येण्याची शक्यता मुळात १०० मध्ये २० आहे. गोळीने ती १४ वर येते. फायदा भरघोस. पण एखाद्या धडधाकट माणसाचा धोका १००० मध्येच २० असेल, तर तोही १४ होणार. म्हणजे हजार जणांनी दहा वर्षं गोळ्या गिळायच्या, तेव्हा सहा जणांचा अटॅक टळणार. बाकीच्यांना खर्च आणि झालेच तर दुष्परिणाम. जाहिरातीत मात्र दोघांनाही तेच ३० टक्के!

घाबरवतानाही हाच खेळ होतो. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळीचा धोका 'दुप्पट' होतो अशी बातमी पसरली. प्रत्यक्षात तो ७००० मध्ये साधारण १ वरून २ झाला होता. अनेकींनी धास्तावून गोळ्या सोडल्या, पुढच्या वर्षी गर्भपात वाढले. आणि गरोदरपणात गुठळीचा धोका या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो!

डॉक्टरांना सरळ विचारावं: माझ्यासारख्या हजार जणांत औषध घेऊन किती, न घेता किती?