वाडीतल्या तंबूंचा इतिहास: सुरुवातीचं साल कसं काढायचं?

कोथरूडकर: दिवेआगरला घरची नारळ-पोफळीची वाडी आहे, समुद्राला लागून. दोन पिढ्या तिथे पाहुण्यांसाठी तंबू लागतात. हा इतिहास लिहायचाय, पण प्रत्येक काका वेगळंच साल सांगतो. आम्ही सगळे पुण्यात. कुठले कागद शोधावेत?

फेरफार_नोंद: जमीन आणि तंबू यांचा शोध वेगळा ठेवा. जमिनीसाठी सातबाऱ्यावरचे जुने फेरफार (मालकी-हक्क बदलाच्या नोंदी) क्रमांक उतरवून घ्या आणि श्रीवर्धन तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलांसाठी अर्ज करा. सर्व्हे आणि हिस्सा नंबर दोन्ही लिहा, नाहीतर भलत्याच वाडीची नक्कल हातात येते. 32म प्रमाणपत्राची (कुळाने जमीन विकत घेतल्याचा दाखला) नोंद सापडली तर जमीन कुळकायद्याने मिळालेली. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाशी (कसणारं कूळ मालक मानलं गेलं तो दिवस) तिचा संबंध असतो. त्याआधी खोती (सारा वसूल करणाऱ्या खोताच्या ताब्यातली जमीन) असेल तर 1949 च्या खोती निर्मूलन कायद्याची नोंद बघा. अजून मागचा कागद मोडी लिपीत असला तरी घाबरू नका, मोडी वाचणारे पुण्यात मिळतात.

पीकपाहणीवरून (सातबाऱ्यावरची दरवर्षीची पिकांची नोंद) मात्र तंबूंचं साल काढू नका. मागच्या वर्षीचीच नोंद पुढे ओढलेली असते बऱ्याचदा.

जुनी_वही: तंबूचा कागद नसतो, संडास-बाथरूमचा असतो! ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये (घरपट्टी आकारणीची नोंदवही) पक्कं बांधकाम कोणत्या आकारणीत पहिल्यांदा आलं ते बघा.

पाहुण्यांची वही असेल तर सोनंच. तारखेला साल नसलं तरी गाडीचा नंबर बोलतो: 'एमएच 12' (पुण्याच्या गाड्यांचा नव्या पद्धतीचा नंबर) दिसलं की पान 1989 च्या मध्यानंतरचं. पावतीवर सहा आकडी पिनकोड म्हणजे 1972 नंतरची. जिल्हा 'कुलाबा' छापलाय? मग बहुधा 1981 च्या आधीची. पण जुनं पावतीपुस्तक संपेपर्यंत वापरतात, त्यामुळे एवढ्यावर विसंबू नका.

भरतीरेषा: 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतरचा पंचनामा शोधा. पडलेली झाडं, उडालेले पत्रे, शेड अशी त्या वेळच्या वाडीची यादीच त्यात मिळू शकते. गूगल अर्थवर जुनी चित्रं मागे सरकवून ती पडताळता येते, फक्त सुरूच्या बनाखालचे तंबू वरून दिसत नाहीत.

आणि साल सापडलं की लगेच वेबसाइटवर टाकू नका. किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड, समुद्रकाठच्या बांधकामावरचे निर्बंध) पहिली अधिसूचना 19 फेब्रुवारी 1991 ची. पक्कं बांधकाम त्याच्या आधीचं की नंतरचं, यावर बरंच काही ठरतं. नंतरचं असेल तर आधी परवानगीचा कागद हातात घ्या.